कॉलेजात समुपदेशक म्हणून रुजू होताय? गोव्यात आधी गुपित सांभाळायची सोय करा

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होतील अशा सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती नेमावी, ही त्यातली एक. तेव्हापासून मानसशास्त्रात एमए करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. "मॅडम, ऑर्डर मिळाली. कुठून सुरुवात करू?" त्यांना वाटते मी एखादी थेरपी सांगेन. मी म्हणते, तुला कुठली खोली दिलीय ती आधी बघून ये.

थेरपी तुम्हाला विद्यापीठात शिकवलेली असते. गोवा किती लहान आहे, ते मात्र कोणी शिकवत नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. तालुके बारा. पेडण्याच्या मुलीची मावशी काणकोणात दिलेली असते आणि त्या मावशीची जाऊ तुमच्याच कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क असते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत मुलगा कुठल्या दारातून आत गेला हे कोणी बघत नाही. इथे तो कदंब बसमधून घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. मुले समुपदेशकाकडे येत नाहीत ती लाजेने किंवा अज्ञानाने, असे परिसंवादात म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. मुलांना मदत हवी असते, फक्त ती घेतल्याचे कोणाला कळायला नको असते. म्हणून पुढचे जवळजवळ सगळे त्याच एका सोयीबद्दल आहे.

खोली, दार आणि शिपाई

कॉलेज बहुधा प्राचार्यांच्या केबिनशेजारची खोली देईल. मान म्हणून देतात. नम्रपणे नको म्हणा. परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरची तर मुळीच नको. तिथे फॉर्म भरायला रांग लागते आणि रांगेतल्या माणसाला इकडेतिकडे बघण्यावाचून दुसरे काम नसते. वाचनालयाच्या मजल्यावरची, एनएसएसच्या सामानाला लागून असलेली, जिमखान्याच्या वाटेवरची, अशी एखादी मागून घ्या, जिथे जायला मुलाकडे दुसरेही कारण असते. पाटीवर "मानसिक" हा शब्द नसला तरी चालते. "विद्यार्थी साहाय्य" पुरे. त्याच खोलीतून शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि करिअरची माहितीही द्या. दहा मुले फॉर्मसाठी आली की अकरावे कशासाठी आले ते कोणाला समजत नाही.

छप्पर पत्र्याचे असेल तर जूनमध्ये एक चाचणी करा. कोणाला तरी व्हरांड्यात उभे करा आणि आत नेहमीच्या आवाजात बोला. धो धो पावसात माणूस नकळत आवाज चढवतो, सर एकाएकी ओसरते आणि अर्धे वाक्य बाहेर ऐकू जाते. दाराजवळ चालू ठेवलेला जुना खडखडणारा पंखा अशा वेळी फार कामाला येतो. तो दुरुस्त करून घेऊ नका.

खुर्च्या समोरासमोर नकोत, किंचित तिरक्या ठेवा, मधे टेबल नको. मुलाची खुर्ची दाराच्या बाजूला, म्हणजे त्याला कोंडल्यासारखे वाटत नाही. घड्याळ तुम्हाला मान न वळवता दिसेल असे लावा.

आता शिपाई. वर्गात चिठ्ठी घेऊन येणारा शिपाई आणि "अमक्या रोल नंबरला काउन्सेलर मॅडमनी बोलावलेय" ही घोषणा, ही पद्धत पहिल्याच दिवशी बंद करा. वेळ मुलाने घ्यायची, निरोपाने, वेगळ्या मोबाइल नंबरवर. त्या नंबरवरून उत्तर देताना फक्त वेळ लिहा, विषय नाही. मुलाचा फोन आईच्याही हातात असतो. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवा. बाहेर पडणारी आणि आत येणारी एकाच बाकावरच्या निघाल्या, तर दोघीही पुन्हा फिरकत नाहीत.

पहिली दहा मिनिटे

गोव्यात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "खंयचो तूं? कोणालो?" तो प्रश्न तोंडातच ठेवा. गाव आणि घराणे विचारले की समोरचा लगेच हिशेब करतो की हिला माझ्या घरचे कोण कोण ओळखत असेल, आणि मग जे सांगायला आला होता त्यातले निम्मे गिळतो. फॉर्मवर पत्ता असतो, तो नंतर वाचा.

त्याऐवजी दोन गोष्टी आधी. पहिली, वय. पहिल्या वर्षाला येणारी कितीतरी मुले सतराच वर्षांची असतात, हे प्राध्यापकांच्याही लक्षात नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतले ते बालक. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे तुम्हाला कळले, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीने आपखुशीने ठेवलेले संबंधही त्यातून सुटत नाहीत. हे तिने सगळे सांगून टाकल्यावर तुम्ही सांगितले, तर तिच्या दृष्टीने तो निव्वळ दगा. म्हणून जन्मतारीख आधी आणि गोष्ट नंतर.

दुसरी, गुप्ततेचा करार. तो फॉर्मवर बारीक अक्षरात छापून उपयोग नाही, तोंडाने सांगायचा. मी साधारण असे बोलते:

"तू इथे आलास हे मी तुझ्या सरांना, घरच्यांना, प्रिन्सिपलना, कोणालाच सांगणार नाही. तीन वेळा मात्र मला सांगावे लागेल. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर. अठराच्या आतल्या कोणावर अत्याचार झाला असेल तर. आणि कोर्टाने मागितले तर. तशी वेळ आली, तर कोणाला आणि काय सांगणार ते आधी तुला सांगेन. अजून एक. आपण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाहीतर कुठल्या जत्रेत भेटलो, तर मी तुला ओळख देणार नाही. रागावू नकोस. तू हसलास तर मीही हसेन."

हे शेवटचे ऐकून मुले हमखास सैलावतात. कोर्टाचे कलम त्यांना दूरचे वाटते. जत्रा खरी वाटते.

भाषा त्यांनाच ठरवू द्या. इंग्रजीत सुरुवात करणारी मुलगी घरचे काही आले की कोंकणीत शिरते, आणि मनातले लिहून आण म्हटले तर मराठीत आणते, कारण प्राथमिक शाळा मराठी होती. सावंतवाडी-बांद्याकडचा मुलगा मालवणीत बोलेल. तुम्ही मधेच दुरुस्ती करू नका आणि नोंदीत त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवा. "म्हाका न्हीद येना" याचे तुमच्या वहीत एकदम "निद्रानाश" झाले, की पुढच्या भेटीत तुम्ही मुलाशी नव्हे, त्या शब्दाशी बोलायला लागता.

मुलगा किंवा मुलगी तुमच्या नात्यातली, शेजारची, तुमच्या भाच्याची मैत्रीण निघाली तर? गोव्यात हे टळणारच नाही. लगेच सांगा की ओळख आहे, आणि दुसऱ्याकडे जायचे का ते विचारा. त्यासाठी शेजारच्या दोन कॉलेजांतल्या समुपदेशकांशी आधीच बोलून ठेवा. त्यांची मुले तुमच्याकडे, तुमची त्यांच्याकडे.

नऊ प्रश्नांची चिठ्ठी

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे तपासायची प्रश्नावली फुकट मिळते, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट चौकशी करा. निदान मात्र करू नका. ते मानसोपचारतज्ज्ञाचे काम, आणि "मला डिप्रेशन आहे असे मॅडम म्हणाल्या" हे वाक्य घरी फार वाईट वळण घेते. मुले इंटरनेटवरून स्वतःला दोन-तीन आजार लावून येतातच. त्यांच्याशी वाद न घालता विचारा, "त्यामुळे तुझे काय अडते?"

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्यावर शून्याशिवाय काहीही खूण असेल तर बाकीची बेरीज नंतर करा.

मुले काय घेऊन येतात

बहुतेक वेळा डोकेदुखी, छातीत धडधड, पोटात गोळा. त्यामागे हजेरी कमी पडल्याची नोटीस, राहिलेले पेपर, ब्रेकअप, कोणीतरी फोटो व्हायरल करण्याची दिलेली धमकी, बापाचे पिणे. ही यादी कुठल्याही कॉलेजात सारखीच. पण इथल्या काही गोष्टी बाहेरून आलेल्या समुपदेशकाला चटकन दिसत नाहीत.

डिचोली, साखळी, वाळपई, सांगे या पट्ट्यातले मूल असेल तर खाणींचा इतिहास माहीत हवा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या घरांतल्या मुलांवर सरकारी नोकरीचा जो दबाव असतो तो निव्वळ हौसेचा नसतो. "आईबाबांशी बोल, त्यांना तुझी आवड समजावून सांग" असा सल्ला तिथे पोकळ वाटतो. दुसरे, बोटीवर, आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले पालक. घरात पैसा आहे, आजी आहे आणि मुलाला रागवायलासुद्धा कोणी नाही. तिसरे, हंगाम. नोव्हेंबर-डिसेंबरपासून किनाऱ्यावर रात्रीच्या कामाला जाणारी मुले सकाळच्या तासाला झोपतात. "लक्ष लागत नाही" हे सांगायला आलेल्या मुलाला रात्री किती वाजता घरी पोचतोस हे आधी विचारा. त्याच्याबरोबर दारूचेही विचारा, उपदेश न करता, किती आणि कधी एवढेच. ऑनलाइन जुगाराचे कर्ज हा नवा प्रकार. तो स्वतःहून कोणी सांगत नाही, तेव्हा पैशांचा प्रश्न सगळ्यांनाच सरसकट विचारा म्हणजे कोणाला टोचत नाही.

वर्षाचे वेळापत्रकही ध्यानात ठेवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात खोली रिकामी असते. चवथ झाल्यावर भरते. सगळे घराणे एकत्र आले की कोण किती शिकला, कोणाला नोकरी लागली, कोणाचे लग्न ठरले याची उजळणी होते आणि मुले ती पोटात घेऊन परततात.

उपचाराबद्दल थोडेच

तुम्ही गोव्यात आहात, तर एक गोष्ट माहीत हवीच. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संगथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून नैराश्यावर समुपदेशन करून घेतले आणि ते गुण देते हे गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून दाखवले. सहा ते आठ भेटींचा तो कार्यक्रम, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. जगभर त्याचा दाखला देतात. आपल्याकडच्या कॉलेजांत पुष्कळांना तो ठाऊक नाही.

त्याचा गाभा सोपा आहे. मन बरे झाले की मी कामे करीन, असे मूल म्हणते. आपण क्रम उलटा लावायचा. आधी कृती, मूड मागून येतो. पण "व्यायाम कर, छंद जोपास" असे सांगितलेत तर ते काहीच करणार नाही. हे असे करा:

पूर्वी काय करत होतास जे आता सुटले, याची यादी काढा. त्यातले सर्वांत सोपे एक उचला आणि इतके लहान करा की नाही म्हणायला लाज वाटावी. कधी, कुठे, कोणाबरोबर, हे लिहा. पुढच्या भेटीत "केलेस का?" असे न विचारता "करताना काय झाले?" असे विचारा.

सत्तरी तालुक्यातला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून थोडे बदलून सांगते) गावच्या जत्रेच्या नाटकात दरवर्षी काम करायचा. त्या वर्षी भूमिका सोडली, तालमीला जाणे बंद, संध्याकाळी खोलीत दिवा न लावता पडून राहायचे. "परत भूमिका घे" म्हटले असते तर तो माझ्याकडेही यायचा बंद झाला असता. ठरले ते एवढेच की मंगळवारी तालमीला जायचे, प्रॉम्प्टरच्या मागे बसायचे आणि अर्ध्या तासाने उठून यायचे. दुसऱ्या आठवड्यात प्रॉम्प्टर आला नाही आणि वही याच्या हातात आली. भूमिका त्याने त्या वर्षी केलीच नाही. झोप मात्र लागायला लागली.

गोळ्यांबद्दल तुम्ही बोलायचे नाही. कमी कर, बंद कर, हे तर कधीच नाही. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नकोस" इतकेच.

जिवाचा प्रश्न असतो तेव्हा

सरळ विचारा. "जीव द्यायचा विचार येतो का?" कोंकणीत, "जीव दिवपाचें मनांत येता?" विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी शेवटी विचारले म्हणून मुलाला हायसे वाटते. "तसले काही वेडेवाकडे मनात नाही ना?" असे विचारू नका. त्या प्रश्नात "नाही" हे उत्तर आधीच भरलेले आहे.

होय म्हणाला तर पुढचे विचारा. किती वेळा येतो, कसे करायचे ते ठरवले आहे का, ते साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, त्या वेळी दारू असते का, आणि आजवर कशाने थांबलास. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून घ्या. लहान भाऊ, आजी, पाळलेला कुत्रा, जे असेल ते.

मग दोघांनी मिळून एक पान लिहायचे. विचार वाढू लागल्याची खूण कोणती. तेव्हा एकट्याने काय करता येते. कोणाजवळ जाऊन बसता येते. कोणाला सांगता येते. कुठल्या तज्ज्ञाला फोन करायचा. घरातले घातक काय कोणाच्या ताब्यात द्यायचे. या शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष होते. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असलेल्या घरात फवारणीचे औषध उघड्यावर असते, घरी आजारी आजोबा असतील तर गोळ्यांचा डबाही. ते कुलपात जायला हवे आणि किल्ली दुसऱ्याकडे. यासाठी घरातल्या एका माणसाला सांगावे लागतेच. तो माणूस मुलालाच निवडू द्या. दर वेळी आई-बापच असायला हवेत असे नाही. मोठी बहीण, मामा चालतो.

धोका तातडीचा असेल तर त्याला एकटे सोडू नका, पाणी प्यायलाही एकटे पाठवू नका. कॉलेजची गाडी किंवा १०८ ची रुग्णवाहिका, आणि थेट बांबोळीचे सरकारी इस्पितळ. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्या मुलांच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवायला लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पालक बहुतेक वेळा पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालची व्यक्ती मानते, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

बांबोळीला पाठवताना

मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था, आयपीएचबी, बांबोळीला आहे, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळही बांबोळीलाच. ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. "बांबोळीला गेलो होतो" म्हटल्यावर कोणी भुवई उंचावत नाही. हात मोडला तरी माणूस तिथेच जातो. मुलाला हे सुचवा, त्याच्या मनावरचे निम्मे ओझे तिथेच उतरते.

चिठ्ठी बंद पाकिटात, चार-पाच ओळींची. काय दिसले, किती दिवसांपासून, जिवाला धोका वाटतो का, तुमचा नंबर. आजाराचे नाव लिहू नका. तिथे काय होते ते आधी सांगा. केसपेपर निघेल, बसावे लागेल, डॉक्टर तेच प्रश्न पुन्हा विचारतील, पहिल्याच दिवशी भरती करून घेतील असे नाही. शक्य असेल तर पहिल्या वेळी बरोबर जा, आणि ओपीडीत त्याच्या शेजारी नव्हे, दोन बाक सोडून बसा.

काही पालक विचारतात, "तिथे डोक्यात काही भरवत नाहीत ना?" पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी हात पसरून उभा असलेला, संमोहनासाठी प्रसिद्ध झालेल्या गोमंतकीय धर्मगुरू आबे फारियाचा पुतळा सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि मुले मलाही चेष्टेने विचारतात की मॅडम, हिप्नोटाइझ करणार का. मी त्यांना सांगते की १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या त्या फारियाचेच म्हणणे होते की जादू संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, जे होते ते समोरच्याच्या मनात होते. म्हणजे काम तुलाच करायचे आहे, बाबा.

घाडी (गावचा मांत्रिक) आणि कौल (देवाला विचारून घेतलेला निर्णय). मूल तुमच्यापर्यंत येण्याआधी घरच्यांनी दृष्ट काढलेली असते, देवाला पाकळ्या लावून कौल घेतलेला असतो. त्यावर नाक मुरडलेत तर घरचे तुटतील आणि त्यांच्यापाठोपाठ मूलही. "देवाचे चालू ठेवा, डॉक्टरांचेही चालू ठेवा" हे मी बिनदिक्कत म्हणते. फक्त मारहाण, उपाशी ठेवणे, कोंडणे असे काही होत असेल तर तिथे नम्रपणा संपला.

विचारणारे येतील

सर्वांत आधी वर्गशिक्षक. भलेपणानेच विचारतात, "काय झालेय तिला?" उत्तर पाठ करून ठेवा: "सर, तुम्ही पाठवता त्या सगळ्यांशी मी बोलते. कोण आले, काय बोलले, ते मी सांगत नाही. तुम्हाला तिच्यात काय बदल दिसला ते मात्र मला सांगा." माहिती आत येऊ द्या, बाहेर जाऊ देऊ नका. मूल आलेच नसले तरीही हेच उत्तर. नाहीतर "नाही आली" म्हटलेत त्या दिवशी सरांना कळते की बाकीच्या वेळी ती आली होती.

पालकांचा फोन आला तर, मूल अठराच्या वरचे असेल तर त्याच्या संमतीशिवाय काही सांगता येत नाही. पण फोन आपटू नका. "तुम्हाला कसली काळजी वाटतेय?" असे विचारा आणि ऐका. पुष्कळदा खरी माहिती तिथेच मिळते.

प्राचार्य महिन्याचा अहवाल मागतील. तो त्यांचा हक्क आहे. संख्या द्या, विषयांचे ढोबळ गट द्या. वर्ग, विषय आणि मुलगा-मुलगी असे तिन्ही रकाने एकत्र कधीच देऊ नका. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला एखाद्या भाषेच्या वर्गात दोनच मुलगे असतात. नाव न लिहिताही नाव कळते.

आणि आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजची अंतर्गत गुणवत्ता समिती. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी समुपदेशन चालू असल्याचा जिओटॅग असलेला फोटो आणि सहीची यादी हवी म्हणतील. चेष्टा करत नाही, मागतात. रिकाम्या खोलीचा फोटो द्या, पाटीचा द्या, ताणतणावावरच्या कार्यशाळेचा मागच्या बाकावरून काढलेला द्या. समोर मूल बसवून फोटो काढायचा नाही, आणि "कोणालाही खोटे बसवा" हेही नाही. तो फोटो वेबसाइटवर जातो आणि त्या खोट्या बसलेल्या मुलाला पुढे वर्षभर विचारणा होते.

न्यायालयाच्या त्याच सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचेही आहे. प्राध्यापकांबरोबर कॅन्टीनवाला, वाचनालयाचा कर्मचारी, वसतिगृहाची वॉर्डन यांनाही बसवा. कोण दोन दिवस जेवला नाही हे कॅन्टीनवाल्याला आधी कळते. त्यांना एकच शिकवा: बाजूला घेऊन विचारा, आणि "मॅडमकडे जा" म्हणू नका, खोलीच्या वाटेपर्यंत सोबत या.

वही, किल्ली, कंत्राट

नोंदी ऑफिसच्या सामायिक संगणकावर नकोत. वहीत नावाऐवजी खुणेचा क्रमांक, आणि क्रमांक-नावांची यादी वेगळ्या कुलपात. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असते का, हे रुजू होताच विचारून घ्या आणि प्राचार्यांच्या सहीने स्वतःकडे मागून घ्या. नोंद थोडकी ठेवा. उद्या ती कोर्टात वाचली गेली तर मुलाला लाज वाटेल असे वाक्य, गरज नसेल तर लिहू नका.

स्वतःसाठीही कॉलेजच्या बाहेरचा एक अनुभवी माणूस ठरवा, महिन्यातून एकदा ज्याच्यापुढे नावे न घेता सगळे मांडता येईल. नवऱ्याशी, मैत्रिणीशी नाही. गोवा लहान आहे, तो नियम तुम्हालाही लागू.

तुमची नेमणूक बहुधा कंत्राटी असेल आणि वर्षअखेरीस संपेल. पुढच्या वर्षी कोण येईल ते कोणाला ठाऊक नसते. मार्चपासूनच नेहमी येणाऱ्या मुलांना तारीख सांगायला लागा. प्रत्येकाला विचारा की तुझी नोंद पुढच्या व्यक्तीला दाखवू का, आणि होय म्हणेल त्याची लेखी संमती घ्या. ज्यांना धोका आहे त्यांची भेट सुट्टीतही कुठे होणार, बांबोळीला की जिल्हा रुग्णालयात की दुसऱ्या समुपदेशकाकडे, ते नावानिशी ठरवून कागदावर द्या. तो कामाचा मोबाइल नंबर कॉलेजच्या नावावरच घेतलेला असू द्या. जाताना आतले सगळे निरोप पुसा आणि सिम पाकिटात घालून प्राचार्यांकडे द्या, म्हणजे जूनमध्ये एखाद्या मुलाने त्यावर "मॅडम, वेळ आहे?" असे लिहिले तर ते नव्या माणसापर्यंत पोचेल.